अर्धं तिकीट, पण गाडी कुठाय?

राजेहो, पर्यावरणपूरक वाहतूक म्हटलं की हल्ली विजेवरची कार दाखवतात. आपल्या मारेगावसाठी त्या धोरणाचं जुनं नाव आहे लाल गाडी. एका एसटीत पन्नास माणसं जातात, म्हणजे रस्त्यावर तेवढ्या मोटारसायकली कमी.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात नव्हता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण तिकडे गेलो आणि इथली सरकारी बससेवाही एसटीत आली. १९५० च्या केंद्रीय कायद्यात मात्र लिहून ठेवलंय की महामंडळानं व्यापारी तत्त्वावर चालावं. खेड्याच्या फेरीला हे तत्त्व लावलं तर गाडी आगाराबाहेर पडणारच नाही! म्हणून मोठ्या मार्गाच्या कमाईवर तोट्याची फेरी चालवली गेली. माझ्या मते हेच एसटीचं खरं मोठेपण.

सरकारनं काय केलं? १९५८ च्या कायद्यानं तिकिटावर प्रवासी कर बसवला. तो १७.५ टक्क्यांवर पोचला. मूळ भाडं १०० रुपये असेल तर साडेसतरा रुपये सरकारचे. कारवाला वाहन कर एकदाच भरून मोकळा. विजेची कार घेतली तर तोही माफ. २०२५ च्या धोरणात अशा गाड्यांना समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जातसुद्धा नाही. असो.

सवलती चांगल्याच आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. पांढरकवड्याच्या दवाखान्यात किंवा वणीच्या बाजारात जाणाऱ्या बाईला हे पैसे कळतात. पण सवलत तिकिटावर मिळते, अन् तिकीट गाडीत मिळतं. गाडीच आली नाही तर अर्धं कशाचं? मग काळीपिवळीत कोंबून जायचं, पूर्ण भाडं देऊन.

सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं, तिकिटावरचा कर परत घेतं. हा कर माफ करून तेवढे पैसे ग्रामीण फेऱ्यांसाठी बांधून ठेवता येतील. आमदार-खासदारांनी हे मागावं.

२०२१-२२ चा संप पाच महिन्यांवर चालला. तेव्हा बंद झालेली तुमच्या गावची फेरी अजून सुरू नसेल, तर गावाचं नाव आणि जुनी वेळ खाली लिहा. यादी करून आगारात नेऊन देतो.