टाका आणि माया

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मुले नवे कपडे अंगावर चढवतात, तेव्हा मोठी माणसे रंग पाहतात, कापड चाचपून पाहतात, किंमत विचारतात. कपडा उलटा करून मात्र कोणी पाहत नाही. वाचकांनी यंदा एकदा तेवढे करावे. आतल्या बाजूला दोन गोष्टी दिसतील. पहिली, दोऱ्याची सरळ ओळ. तिच्यात एका इंचात किती टाके पडले आहेत ते मोजता येते. दुसरी, त्या ओळीपासून कापडाच्या कडेपर्यंत राहिलेली अरुंद पट्टी. या पट्टीला आपल्याकडचे शिंपी ‘माया’ म्हणतात. शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला हे नाव ज्याने कोणी दिले, त्याला लेकरे असली पाहिजेत. कारण मूल वाढले की शिवण उसवून कपडा सैल करायचा तो याच मायेच्या जोरावर.

टाका किती लांब घालायचा आणि माया किती ठेवायची, हे दोन प्रश्न वरवर पाहता सुईदोऱ्याचे आहेत. परंतु त्यांचा इतिहास पाहू गेले तर तो एका तिसऱ्याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. तो प्रश्न असा की, हे ठरवायचे कोणी?

यंत्र येण्यापूर्वी याचे उत्तर सोपे होते. शिवणाऱ्याची बोटे ते ठरवीत. आपला जुना पोशाख बराचसा न शिवलेलाच असे. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे यांना सुई लागत नसे. चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा एवढ्यांपुरते शिवण. त्यातली चोळी पुष्कळदा घरीच बायका शिवीत. तरीही शिंप्याचा धंदा मानाचा आणि जुना. संत नामदेव शिंपी होते, आणि त्यांच्या पदांत गज, कात्री आणि सुई-दोरा भक्तीच्या कामाला लागलेले आढळतात. हातशिवणीत तात्पुरत्या कामाला धावदोरा, कडेला हेम आणि मजबुतीला टीप. टीप घालताना सुई दर खेपेस थोडी मागे येऊन मग पुढे जाते, म्हणून ती सहजी उसवत नाही. काखेत ताण पडतो, तिथे जाणता शिंपी बारीक टाका घाली. घेराच्या कडेला लांब टाका चालून जाई. हे शहाणपण बोटांत होते. त्याला आकडा नव्हता.

आकडा आला तो यंत्राबरोबर. १८३० साली फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने साखळीटाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये त्याच्या ऐंशी यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. १८३१ मध्ये शिंप्यांचा जमाव तिथे चालून आला आणि त्याने ती यंत्रे मोडून टाकली. या शिंप्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आपल्या बोटांतले काहीतरी त्या लोखंडात उतरत आहे आणि ते आपल्याला परत मिळणार नाही, एवढे त्यांना नक्की कळले होते.

पुढे अमेरिकेत एलायस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये पेटंटे घेतली. हाऊच्या सुईचे भोक टोकाशी होते आणि खालून शटल फिरे. वरचा दोरा व खालचा दोरा कापडाच्या मध्यात एकमेकांत अडकत. आज घरोघर जी टीप पडते ती याच कुळातली. नावे गाजली ती या दोघांची. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र मोठा माणूस तिसराच. ॲलन विल्सन याने १८५४ मध्ये कापड पुढे सरकवण्याची एक युक्ती पेटंट केली. सुईखालच्या पत्र्यातून लहान दाते वर येतात, कापड पकडून पुढे नेतात, खाली बुडतात आणि रिकामेच मागे येतात. वर, पुढे, खाली, मागे, अशा या चार चाली. आपल्या आईच्या किंवा आजीच्या यंत्राचा फूट उचलून चाक हाताने फिरवले, तर त्या आजही दिसतील.

टाक्याची लांबी म्हणजे दुसरे काही नाही. सुई एकदा खाली जाऊन पुन्हा खाली येईपर्यंत हे दाते कापडाला जितके पुढे नेतील तितकी ती लांबी. यंत्राच्या उजव्या अंगाचा स्क्रू किंवा दांडा फिरवला की दात्यांची धाव कमीजास्त होते. कारखान्यातल्या वीजयंत्रावर तिथे मिलिमीटरचे आकडे कोरलेली चकती असते. अडीचवर ठेवली की इंचाला साधारण दहा टाके. शिवणीची खोली, म्हणजे माया, राखायला फुटाची कड किंवा पत्र्यावर बसवलेली लहानशी आडपट्टी असते. कापडाची कड तिला घासत नेली की शिवण हलत नाही.

एवढे सगळे असूनही जाणती बाई आधी त्याच कापडाच्या चिंधीवर, तितक्याच पदरांवर टीप मारून टेपने मोजून पाहते. कारण जाड कापड दात्यांवरून घसरते, आणि चकतीवर अडीच असले तरी प्रत्यक्ष टाका आखूड पडतो. मलमलीवर टाका फार आखूड झाला तर भोके इतकी जवळ पडतात की शिवण टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते. लांब झाला तर ताण बसताच शिवणीत फटी दिसू लागतात. चकतीचा आकडा म्हणजे केवळ एक सूचना. खरा टाका कापडावर मोजावा लागतो.

सिंगरचे यंत्र १८७० च्या दशकात मुंबईत चांगले रुजू लागले. या कंपनीचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षे सांभाळला. हप्त्याने यंत्र देण्याची पद्धत कंपनीने अमेरिकेतच पाडली होती. त्यामुळे पेढीवाल्यांच्याच नव्हे, तर साध्या शिंप्याच्या ओट्यावरही यंत्र दिसू लागले. यंत्रयुगावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे हाल पाहून प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडवले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचा खरा संसार काही या कथेला शोभणारा नव्हता. पण गांधीजींचा मुद्दा खोटा ठरत नाही. माणसाच्या हाताखाली राहून त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे होऊ लागली आणि पुढे मध्यमवर्गीय व कामगार घरांत देशी यंत्र आले.

आता डिलाईल रोडवर येऊ. हा रस्ता आज ना. म. जोशी मार्ग या नावाने ओळखला जातो. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि पुढे गिरणी कामगारांची युनियन उभारली. रस्त्याला नाव शोभते. इथल्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण बत्तीस इमारती; प्रत्येकीत ऐंशी खोल्या, आणि खोली एकशेसाठ चौरस फुटांची. खोल्यांतली माणसे सकाळी भोंग्यावर गिरणीत जात आणि साऱ्या देशासाठी कापड विणत.

या माणसांना इंचाचा हिशेब नवा नव्हता. कापडात इंचाला किती धागे आणि दिवसाला किती वार, यावरच विणकराची मजुरी अवलंबून होती. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह हे त्या संपाचे एक मोठे कारण होते. साचा कोणत्या वेगाने चालवायचा आणि एका माणसाने किती चालवायचे, हे ठरवायचे कोणी? पॅरिसच्या शिंप्यांचाच प्रश्न, फक्त इथे यंत्रे फोडली नाहीत. कामगार एकत्र बसले, समित्या केल्या, आणि सहा महिने पोट आवळून राहिले.

पुढचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते परत आत गेलेच नाहीत. संसार मग बायकांनी उचलला. कोणी खानावळ चालवली, कोणी पोळ्या लाटल्या, कोणी धुणीभांडी केली, आणि कोणी शिवणयंत्र घेतले. ज्या घरातला पुरुष कापड विणत होता, त्या घरातली बाई आता कापड शिवू लागली. तो निदान गिरणीच्या दारात चार हजार जणांबरोबर उभा राहू शकत होता. ती खोलीत एकटी होती.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू डझनावर लहान मुलींचे झगे शिवीत. मी तेव्हा शाळेत होतो. कापलेल्या मालाचा गठ्ठा घेऊन कंत्राटदाराचा माणूस येई आणि बजावून जाई, ‘इंचाला दहा टाके, माया पाव इंच.’ दोरा काकूंचा. मजुरी डझनावर. आता हा हिशेब पाहा. एक वार शिवणीला दहाच्या मापाने तीनशे साठ टाके पडतात; आठच्या मापाने दोनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पाचवा हिस्सा पायपीट वाचते, आणि तेवढ्या वेळात आणखी झगे होतात.

एका दिवाळीच्या तोंडावर काकूंनी स्क्रू थोडा फिरवला. त्या माणसाने माल घेताना टेप लावला, नखाने टाके मोजले आणि दोन डझन झगे बाजूला काढले.

“काकू, दहा सांगितले होते. हे आठच आहेत.”

“मोजलेत ना, भाऊ? टाके मोजता तसा दरही एकदा मोजा की. दोन वर्षे झाली, तो जागचा हलला नाही.”

“ते माझ्या हातात नाही, काकू. वरून नमुना येतो.”

आणि ते खोटेही नव्हते. त्याला शेठने सांगितले होते, शेठला दुकानदाराने. शिवाय आठ टाक्यांचा झगा एखाद्या पोरीच्या अंगावर पहिल्याच फटाक्यांच्या धावपळीत उसवला असता, हेही खरेच. काकूंनी ती रात्र उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात घालवली. आमच्या भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज पहाटेपर्यंत येत होता.

त्या झग्यांतली पाव इंच मायाही अशीच वरून आलेली. एका झग्याच्या दोन बगला, म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच माया कमी केली की झग्यामागे दोन इंच कापड वाचते. शंभर झग्यांत दोनशे इंच, म्हणजे साडेपाच वार. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा चोख हिशेब आहे. आता तर बहुतेक तयार कपड्यांत शिवणीची कड ओव्हरलॉकच्या यंत्रावर कापून गुंफून टाकतात. आत सोडायला काही उरतच नाही. मूल वाढले की कपडा टाकायचा आणि नवा आणायचा.

याच काकू माझ्या शाळेच्या अर्ध्या चड्ड्या शिवून देत. तेव्हा त्या स्क्रू उलटा फिरवीत. इंचाला बारा टाके, आणि बैठकीला व कडेला चांगली दीड इंच माया. माझी आई म्हणे, ‘इतकी कशाला हो? जाड दिसते.’ काकू म्हणत, ‘पोरगा वाढणार आहे, बाई. कापड वाढत नाही.’ यंत्र तेच, दोरा तोच, बाई तीच. फरक एवढाच की इथे आकडा ठरवणारी ती स्वतः होती.

आज डिलाईल रोडवर मथुरादास गिरणीच्या आवारात उपाहारगृहे आहेत, आणि रुळांच्या पलीकडे फिनिक्स गिरणीच्या जागी झगमगीत दुकाने. तिथे जगभरचे कपडे मिळतात. बी. डी. डी. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या दुकानांतला कोणताही सदरा उलटा केला तर टाके एकसारखे, मोजून दहा-बारा. शिवण नेमकी, माया जेमतेम. कामात खोट काढायला जागा नाही. तो शिवणारे हात तिरुपूरचे असतील, ढाक्याचे असतील, धारावीचे असतील. चकतीवरचा आकडा त्यांना कोणीतरी सांगितला, आणि त्या आकड्याचा दर काय, हेही कोणीतरी सांगितले.

माझी एक जुनी चड्डी आईने अजून ट्रंकेत ठेवली आहे. तिची माया दोनदा सोडली होती. खाकी रंग सगळीकडे विटला आहे. पण कडेला, जिथे कापड तीन वर्षे आत दुमडलेले राहिले होते, तिथे दोन बोटांची पट्टी नव्यासारखी आहे. तिच्यावर जुन्या टिपेची भोके रांगेने दिसतात. मी टेप लावून मोजली. बारा भरली.