विदर्भातील जस्त निक्षेप

विदर्भातील जस्त निक्षेप हे महाराष्ट्राच्या पूर्व भागातील प्राचीन रूपांतरित खडकांत आढळणारे जस्ताच्या धातुकाचे साठे आहेत. नागपूर जिल्ह्यातील कोलारी आणि तांबेखाणी येथील निक्षेप त्यांत प्रमुख मानले जातात. याउलट वाशिम जिल्ह्यासह पश्चिम विदर्भात जस्ताचा निक्षेप पृष्ठभागावर आढळत नाही. एकाच प्रदेशातील या फरकाचे कारण तेथील भूशास्त्रीय इतिहासात आहे.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

कोलारी परिसरातील खडक साकोली गटात मोडतात. हा गट नागपूर, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांत साधारण त्रिकोणी पट्ट्याच्या रूपाने पसरलेला असून त्याच्या तळाशी आमगाव पट्टिताश्म आहे. फायलाइट, अभ्रकयुक्त सुभाजा, क्वार्ट्‌झाइट आणि रूपांतरित ज्वालामुखी खडक हे त्याचे मुख्य घटक होत. त्यांपैकी भिवापूर शैलसमूहात बेसाल्टी आणि रायोलाइटी असे दोन्ही प्रकारचे ज्वालामुखी खडक एकत्र सापडतात. जस्ताचे खनिजीभवन याच खडकांशी निगडित आहे. साकोली पट्ट्यात कुही-खोबना भागात टंगस्टनाची आणि पुलर-परसोडी भागात तांबे व सोन्याची खनिजेही आढळली आहेत.

उत्पत्ती

पृथ्वीच्या कवचात जस्ताचे सरासरी प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ७० भाग इतके अल्प असते. ५ टक्के जस्त असलेले धातुक तयार होण्यासाठी हे प्रमाण सुमारे ७०० पट वाढावे लागते. साकोली पट्ट्यातील जस्ताचा संबंध सामान्यतः सागरतळावरील ज्वालामुखी क्रियेशी जोडला जातो. अशा क्रियेत समुद्राचे पाणी भेगांतून खाली झिरपते, उष्ण खडकांतून धातू विरघळवून घेते आणि पुन्हा वर येते. तळाशी थंड पाण्याशी संपर्क येताच धातू सल्फाइडांच्या रूपाने साचतात. पुढे पर्वतनिर्मितीच्या काळात हे थर वळ्यांत दुमडले गेले आणि उष्णता व दाब यांमुळे त्यांचे रूपांतरण झाले.

खनिजे

जस्ताचे प्रमुख धातुक स्फॅलेराइट हे असून शुद्ध स्थितीत त्यात सुमारे ६७ टक्के जस्त असते. या प्रकारच्या निक्षेपांत त्याच्यासोबत पायराइट, चाल्कोपायराइट व गॅलेना ही सल्फाइड खनिजे असू शकतात. रूपांतरित जस्त निक्षेपांच्या परिसरात गाह्नाइट हे जस्त व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड खनिजही आढळते. ते झिजेला दाद देत नाही. त्यामुळे ओढ्यांच्या वाळूतील त्याचे कण जस्ताच्या शोधात मार्गदर्शक ठरतात. मात्र गाह्नाइटातील जस्त नेहमीच्या पद्धतींनी वेगळे काढणे किफायतशीर नसते. म्हणून एकूण जस्तापैकी किती भाग स्फॅलेराइटात आहे, यावर निक्षेपाचे मोल अवलंबून असते.

वाशिम जिल्हा व पश्चिम विदर्भ

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेला वाशिम जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टावर वसलेला आहे. हे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. त्यांची पूर्व सीमा नागपूरच्या आसपास येते. तेथून पूर्वेकडे जुने खडक उघडे पडलेले दिसतात. बेसाल्टाखाली प्राचीन खडक असतात, हे मराठवाड्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या वेधनछिद्रातून स्पष्ट झाले. तेथे ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टाखाली रूपांतरित पायाभूत खडक लागले. यावरून वाशिमच्या भूगर्भात जस्त आहे असा निष्कर्ष निघत नाही. परंतु लाव्हाच्या आवरणामुळे तेथील पायाभूत खडकांची पाहणी पृष्ठभागावरून करता येत नाही.

शेतीशी संबंध

बेसाल्टात सामान्यतः दर दहा लाख भागांत सुमारे १०० भाग जस्त असते, म्हणजे ते कवचाच्या सरासरीपेक्षा अधिक असते. तरीही त्यापासून बनलेल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनींत पिकांना जस्ताची कमतरता भासते, कारण अशा जमिनीत जस्त अविद्राव्य रूपात राहते आणि मुळांना शोषून घेता येत नाही. कमतरतेमुळे पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो, वाढ खुंटते आणि उत्पादन घटते. सोयाबीन, तूर व कापूस ही मुख्य पिके असलेल्या वाशिम जिल्ह्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. उपाय म्हणून माती परीक्षणानुसार झिंक सल्फेट दिले जाते.

आर्थिक स्थान

भारतातील जस्ताचे उत्पादन मुख्यतः राजस्थानातील रामपुरा-आगुचा, राजपुरा-दरिबा आणि जावर येथून होते. विदर्भाच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बैतूल पट्ट्यातही जस्ताची खनिजे आढळतात. निक्षेप खाणकामास योग्य ठरण्यासाठी धातुकाची प्रत व खोली, जस्ताचा बाजारभाव आणि सल्फाइडयुक्त टाकाऊ खडकांपासून पाझरणाऱ्या आम्लयुक्त पाण्याचा बंदोबस्त या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो.

हे सुद्धा पहा

• दख्खनचे पठार
• वाशिम जिल्हा
• जस्त