पडदा आणि ऊन

नंदुरबारचा मे महिना सोसलेल्या आम्हां अध्यापकांना ‘उन्हाची उणीव’ हे शब्द प्रथम हास्यास्पदच वाटले होते. परंतु शेजारच्या नाशकात शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न गांभीर्याने विचारला गेला. मुडदुसाच्या कारणांचा शोध घेणारा हचिसन आणि शाह या डॉक्टरांचा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत हा रोग आढळे. अर्धपोटी राहून उघड्यावर राबणाऱ्यांत तो क्वचितच दिसे. मोकळी हवा आणि ऊन यांचा अभाव हेच मुख्य कारण, असे त्यांनी म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या यकृततेलातील मुडदूसरोधक द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे दाखविले. तेच ‘ड’ जीवनसत्त्व.

म्हातारपण हाही एक पडदाच, असे आम्हांस वाटते. गुडघे धरले की ओसरीवरची खाट आत जाते. शिवाय ऐंशीच्या आसपास त्वचेची हे द्रव्य घडविण्याची क्षमता कोवळ्या वयाच्या निम्म्याहूनही कमी उरते, हे मॅकलॉफ्लिन व हॉलिक यांनी १९८५ मध्ये दाखविले. (गोळ्यांवर मात्र भाबडी श्रद्धा नको. उणीव आहे की नाही हे न पाहता निवडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्यांनी अस्थिभंग घटले नाहीत, असे २०२२ मध्ये दिसून आले.)

धडगाव-अक्कलकुव्याकडील तरुण हंगामात मजुरीसाठी गुजरातेत जातात. मागे उरलेल्या आजीची खाट सकाळी अंगणात कोण आणून टाकणार, याचे उत्तर नाशिकच्या त्या निबंधात नाही.