आय-मोड

आय-मोड : जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी सुरू केलेली मोबाइल इंटरनेट सेवा. ईमेल, बातम्या, बँकेचे व्यवहार, खेळ, चित्रे आणि रिंगटोन हे सारे तिने साध्या फोनच्या बोटभर पडद्यावर आणले, आणि दीड वर्षात एक कोटी ग्राहक मिळवले. फोनवरून लिहिणे, वाचणे, अनोळखी माणसांशी गप्पा मारणे या सवयी जपानमध्ये तिच्या आधाराने रुजल्या. त्यांतल्या बऱ्याचशा मात्र कंपनीने आखलेल्या कुंपणाबाहेर वाढल्या. डोकोमो हे नाव आपल्याकडे २००९ मध्ये ‘टाटा डोकोमो’मुळे आणि दर सेकंदाच्या आकारणीमुळे घराघरात पोहोचले. ती हीच कंपनी.

केइइची एनोकी यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ही सेवा घडवली. त्यात नियतकालिकाच्या संपादनातून आलेल्या मारी मात्सुनागा आणि व्यवहाराची बाजू बांधणारे ताकेशी नात्सुनो ही दोन नावे महत्त्वाची. युरोपात त्या सुमारास ‘वॅप’ या मोबाइल इंटरनेटच्या पद्धतीचा गाजावाजा होता. वॅपसाठी पाने वेगळ्या भाषेत लिहावी लागत, फोन जोडून ठेवला की मिनिटांचे मीटर पळे. आय-मोडने नेहमीच्या एचटीएमएलचीच छाटलेली आवृत्ती घेतली. त्यामुळे संगणकासाठी पाने लिहिणारा कोणीही फोनसाठी पान लिहू शकला. वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे आजच्या मानाने गोगलगाय. पण आकारणी वेळेची नव्हती, मजकुराची होती : १२८ बाइटच्या एका पॅकेटला ०.३ येन. पान उघडून निवांत वाचत बसले तरी बिल वाढत नसे.

पैशांची सोयही साधीच होती. अधिकृत यादीतली संकेतस्थळे महिन्याला साधारण ३०० येनपर्यंत वर्गणी घेत. ती फोनच्या बिलातच लागे, आणि डोकोमो ९ टक्के ठेवून बाकीची रक्कम मालकाला देई. क्रेडिट कार्ड नसलेली शाळकरी मुलेही अशी गिऱ्हाइके झाली. खेळणी बनवणारी बंदाई कंपनी महिना १०० येनमध्ये रोज एक नवे कार्टून फोनच्या पडद्यासाठी पाठवू लागली. आज हसू येईल, पण रोजच्या चित्रासाठी लोक पैसे मोजत होते.

सेवेसोबत आलेली १७६ चित्राक्षरे हा तिचा जगभर पसरलेला वारसा. ईमेलला सुरुवातीला २५० अक्षरांची मर्यादा होती. एवढ्यात आदर, नाराजी, थट्टा कशी बसवायची? शिगेताका कुरिता यांनी १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत हृदय, छत्री, सूर्य, चेहरे आखून दिले. ही पहिलीच इमोजी असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. जे-फोन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या १९९७ च्या एका फोनमध्ये ९० चित्राक्षरे होती. मात्र तो फोन फारसा खपला नाही. कुरितांचा संच २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला.

अधिकृत यादीत शिरायला डोकोमोची परवानगी लागे, आणि अनोळखी माणसांची गाठ घालून देणाऱ्या सेवांना तिथे थारा नव्हता. पण पत्ता टाइप केला की यादीबाहेरचे पानही उघडे. अशा पानांना जपानीत ‘कात्ते साइट’ म्हणत. कात्ते म्हणजे आपल्या मर्जीने, कोणाला न विचारता. मराठी कानाला इथे ‘कट्टा’ ऐकू येतो; शब्दांचे नाते काही नाही, जागेचा स्वभाव मात्र तोच. गप्पा, रोजनिशा, चित्रांची देवघेव, आणि फसवणूकही, सगळे या कट्ट्यावर. ओळखी जुळवणाऱ्या स्थळांवरून अल्पवयीन मुलांचे शोषण होऊ लागले, तेव्हा २००३ मध्ये सरकारला कायदा करावा लागला.

याच मोकळ्या जागेत १९९९ च्या अखेरीस ‘माहो नो आय-रांदो’, म्हणजे जादूचा आय-प्रदेश, हे स्थळ निघाले. संगणकाला हात न लावता, फक्त फोनवरून, स्वतःचे फुकट पान तिथे करता येई. पुढच्याच वर्षी प्रकरणवार कथा लिहिण्याची सोय आली आणि मुलींनी, तरुणींनी ती उचलून धरली. ‘केइताइ शोसेत्सु’ म्हणजे मोबाइल कादंबरी या प्रकाराचे हे मोठे घर.

या कादंबऱ्या अंगठ्याने लिहिल्या जात. फोनच्या अंकांवर जपानी अक्षरे ज्या क्रमाने बसवली आहेत तो क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेलेला. म्हणून बाराखडी घोकलेल्या माणसाला तो लगेच कळतो : २ च्या कळीवर का, कि, कु, के, को. ‘कोइ’ म्हणजे प्रेम. ते लिहायला २ ची कळ पाच वेळा आणि १ ची दोन वेळा दाबायची, मग चित्रलिपीतले अक्षर निवडायचे. साहजिकच वाक्ये तुटक, संवाद जास्त, ओळींमध्ये रिकाम्या जागा भरपूर. वाचक प्रकरणागणिक प्रतिक्रिया देत. मिका या टोपणनावाने लिहिलेली ‘कोइझोरा’ तिथूनच २००६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि पुढच्या वर्षी तिचा चित्रपट निघाला. २००७ च्या जपानी ललित पुस्तकांच्या खपाच्या यादीत पहिली तिन्ही पुस्तके मोबाइल कादंबऱ्या होती. उभ्या ओळींत छापण्याची जपानी परंपरा सोडून ही पुस्तके फोनसारखी आडव्या ओळींत छापली गेली. कथानके बहुधा बेतास बात : आजार, विरह, मृत्यू. समीक्षकांनी नाके मुरडली, त्यात तथ्यही होते. पण जी मुले पुस्तकाच्या दुकानात पाऊल टाकत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांच्याच वयाच्या कोणीतरी लिहिले होते.

बिलाचा धसका मात्र कायम होता. १०० किलोबाइटचे चित्र उतरवायचे तर मूळ दराने ८०० पॅकेटे, म्हणजे २४० येन. महिनाअखेरीस बिल पाहून धाबे दणाणणे याला मुलांनी ‘पाकेशि’, म्हणजे पॅकेटमरण, असे नाव ठेवले होते. केडीडीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने नोव्हेंबर २००३ मध्ये महिन्याचा ठरावीक दर आणला, डोकोमोने जून २००४ मध्ये. मोबाइलवरच्या समाजमाध्यमांना खरी बरकत त्यानंतर आली. ‘मिक्सी’ २००४ मध्ये निघाले. आमंत्रणाशिवाय तिथे प्रवेश नव्हता आणि आपल्या पानावर कोण येऊन गेले ते ‘पाऊलखुणां’तून दिसे. ‘मोबागे-टाउन’ २००६ मध्ये आले : फुकट खेळ, सजवता येणारा बाहुला, आणि त्याच्या कपड्यांसाठी आभासी नाणे.

परदेशांत ही सेवा टिकली नाही. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, ब्रिटन इथे ती नेली गेली, पण यंत्रे बनवणाऱ्यांपासून बिल वसूल करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर डोकोमोचा जपानमध्ये जो वचक होता, तो तिथल्या कंपन्यांचा नव्हता. २००८ मध्ये आयफोन जपानमध्ये आला. एकाकी बेटावर वाढलेल्या प्राण्यांची उपमा देऊन घडीच्या जुन्या फोनांना ‘गारा-केइ’, म्हणजे गालापागोसचे फोन, म्हटले जाऊ लागले. आय-मोडची नवी नोंदणी ३० सप्टेंबर २०१९ रोजी थांबली. सेवा कायमची बंद करण्यासाठी डोकोमोने ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरवली.