रानकोंबड्याची शिकार
रानकोंबड्याची शिकार : सह्याद्रीतील राखी रानकोंबडा (गॅलस सोनेराटी) धरण्याच्या, आता बेकायदा ठरलेल्या पद्धती. फेब्रुवारी ते मे या विणीच्या हंगामात नर पहाटे आरवून आपला टापू राखतो आणि परक्या नराची बांग ऐकताच चवताळून चालून येतो. या स्वभावावर भिस्त ठेवून शिकारी आमिष म्हणून खुंटीला बांधलेल्या पाळीव कोंबड्याचा वापर करीत व त्याच्याभोवती बारीक दोरीचे फास पसरीत. अमेरिकेत वसंतात रानटी टर्कीच्या नराला मादीच्या आवाजाची नक्कल करून बोलावतात. रानकोंबड्याच्या बाबतीत मात्र ओढ मादीची नसून वैराची असते. बंदूकवाले बहुधा हाका घालून पक्षी उठवीत, मात्र कौशल्याच्या दृष्टीने ती पद्धत उणीच म्हणावी लागेल. नराच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांच्या पिसांना विलायती गळांची कृत्रिम माशी बांधण्यासाठी मोठी मागणी असल्याने हा पक्षी मांसाइतकाच पिसांपायीही मारला गेला. मुंबई राज्याच्या 1951 च्या कायद्याने शिकारीवर परवान्याचे बंधन घातले, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पुढे ती बंद झाली. ठाण्याच्या वर्तकनगरपलीकडील येऊरचे जंगल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच मोडत असल्यामुळे तेथे साधा फास लावणे हाही गुन्हा ठरतो.