कापलेली जीप कशी वाचावी : एका अभ्यासाची प्रस्तावना

जुन्या मोटारींच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला उंबऱ्यावरच एक अट ऐकवली जाते : गाडी मूळ स्वरूपात हवी. रंग कारखान्याचा, इंजिन पहिल्या दिवसापासूनचे, गाद्यासुद्धा त्याच काळच्या. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि ब्युइक या अटीत बसतात, म्हणून त्यांची गुळगुळीत कागदावरची पुस्तके निघतात. लिलावात घेतलेली, मधून कापून आखूड केलेली, पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलवर आणलेली जीप मात्र ‘बिघडवलेली’ म्हणून बाजूला पडते. या विषयात तुमचे स्वागत करताना माझे म्हणणे एवढेच आहे की आपण अभ्यासायचे ते हे बिघडवणेच. कोणत्या मुलखात, कोणत्या कामासाठी, कोणत्या भावाच्या इंधनावर गाडी चालली, हे त्या बदलांत नोंदलेले असते. ती नोंद दुसरीकडे कुठे सापडण्याची शक्यता कमीच.

सुरुवात जीपपासून करू. 1945 मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि बीडीओची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची, जीप हे गावोगावच्या ओळखीचे दृश्य झाले. सरकारी गाडी थकली की लिलावात निघते. तिथून तिचा दुसरा जन्म सुरू होतो, आणि आपला अभ्यासही.

जीपच का, तर तिच्या रचनेमुळे. खाली दोन लांब पट्ट्यांची शिडीसारखी चेसिस, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बोल्ट काढले की बॉडी उचलता येते आणि चेसिस उघडी पडते. अँबॅसेडर किंवा पद्मिनीत बॉडी आणि सांगाडा एकच; तिथे करवत लावली तर गाडीचा कणाच जातो.

कापण्याचेही दोन प्रकार, आणि नवशिक्याने आधी हाच फरक ओळखायला शिकावे. मागच्या चाकामागचे शेपूट छाटले तर दोन आसांमधले अंतर बदलत नाही. गाडी नुसती दिसायला आखूड होते. दोन चाकांच्या मध्ये कापली तर प्रोपेलर शाफ्टही कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो, शाफ्टच्या क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन वाढतो, ब्रेकची नळी नव्याने बसवावी लागते. महिंद्रच्या सीजे-3बी जीपचा व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधले अंतर, 80 इंच, लांब चेसिसच्या प्रकारांचा 91. तेव्हा सोबत मीटर टेप असू द्या. कुठल्याच कारखान्याशी न जुळणारा आकडा आला तर गाडीखाली आडवे होऊन सांधा शोधायचा. जाणत्या वेल्डरने सरळ उभा काप दिलेला नसतो. काप तिरका असतो आणि आतून पट्टी मारलेली असते.

इंजिनाची गोष्ट जास्त रंगतदार. सीजे-3बीचे बॉनेट उंच आहे, कारण तिच्या ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनाची उंची आधीच्या इंजिनापेक्षा वाढली होती. ते इंजिन पेट्रोल पीत असे, दुसरा शब्द नाही. म्हणून डिझेल बसवण्याची टूम निघाली. पण इंजिन बदलले की त्यामागून सगळी वरात निघते : बेल हाउसिंगला जोडायची प्लेट, क्लच, माउंटिंग आणि शेवटी क्राउन-पिनियन, म्हणजे आसातली दातेरी चाकांची जोडी. जुन्या जीपच्या क्राउनला 43 दाते, पिनियनला 8. ताशी 60 किलोमीटरला जीपचे सोळा इंची चाक मिनिटाला साधारण 440 फेरे घेते. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जवळपास 2,400. ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन 2,000च्या आसपास काम करण्यासाठी बनवलेले. ते या वेगाला नुसते बोंबलते. 39 आणि 8 दात्यांची जोडी टाकली तर फेरे 2,150च्या आसपास येतात आणि गाडीच्या जिवात जीव येतो.

फोर-व्हील जीपमध्ये पुढची आणि मागची अशा दोन्ही जोड्या सारख्याच लागतात. दोन्ही बदलल्या असतील तर मालकाला चिखलातून जायचे होते. मागची एकच बदलून पुढचा शाफ्ट काढून टाकला असेल, तर गाडीचे आयुष्य डांबरी रस्त्यावर जाणार हे तेव्हाच ठरलेले होते. दात्यांवरून माणसाची गरज कळते ती अशी.

जमीन बदलली की जीप कशी बदलते हे पाहायला बुलढाणा जिल्हा मला अभ्यासाचे उत्तम क्षेत्र वाटतो. इथली माणसे जिल्ह्याचे दोन भाग करूनच बोलतात : घाटावर आणि घाटाखाली. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोदकडचे पूर्णाकाठचे सपाट काळे रान, पावसात चाक धरून ठेवणारे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. मध्ये राजूरच्या घाटासारखी चढण. खालच्या कापसाच्या रानात राबलेली जीप आणि घाट चढणारी जीप एकाच पद्धतीने बदलली गेली का? एमएच-28, म्हणजे याच जिल्ह्याच्या, पासिंगच्या शंभरेक जुन्या जीप तालुकावार मोजल्या तरी उत्तराची दिशा दिसेल. मोजणी करायला फार विद्वत्ता लागत नाही. मळलेले कपडे चालतात.

कामाप्रमाणे गाडी कापण्या-जोडण्याच्या वाटेने जगही गेले आहे. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सने 1960च्या दशकात फोक्सवॅगन बीटल मोटारीचा तळ सुमारे 14 इंच कापून त्यावर फायबरची बॉडी चढवली. वाळूवर वळायला गाडी आखूड हवी होती. मनिलाच्या लोकांनी युद्धानंतर उरलेल्या अमेरिकन जीप उलट लांबवल्या, कारण त्यांना उतारू बसवायचे होते. आपल्याकडे हरियाणातली मंडी डबवाली जीप बदलण्यासाठी प्रसिद्ध आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी तर भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीपच उभी केली. महिंद्र समूहाच्या आनंद महिंद्र यांनी 2021च्या डिसेंबरात तिचे कौतुक केले आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. कारखान्याची कोरी गाडी देऊन घरी जुळवलेली गाडी घेण्याचा हा सौदा आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे.

आता अडचणीचे. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन आणि चेसिस क्रमांकाबरोबर व्हीलबेसही नोंदलेला असतो. दुसरीकडे, जुलै 2021च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट देऊ केली, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. म्हणजे कापलेली जीप रस्त्यावर गुन्हेगार आणि वारशाच्या यादीतून बाहेर. मला नियमांमागचे कारण पटते : कच्चा सांधा उतारावर सुटला तर मरणारा माणूस बहुतेक वेळा बाजूने चाललेला असतो. तरीही रस्त्यावर न येता दस्तऐवज म्हणून जपण्यासाठी अशा गाड्यांची वेगळी नोंद असायला हरकत नसावी.

तोवर पथ्य पाळा. आरटीओ हा शब्द निघाला की गॅरेजमधला माणूस एकदम कामात गढून जातो. म्हणून नोंदवहीत मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर लिहू नका. तालुका, व्हीलबेस, इंजिनाची जात, दात्यांची संख्या आणि सांध्याचा फोटो एवढे पुरे. आधी लेथवाल्याला गाठा, मग वेल्डरला, मालकाला शेवटी. मालक गाडीची कहाणी सांगतो. शाफ्ट किती इंच कापला हे लेथवाल्याच्या लक्षात असते.