स्थळ बघताना

'अधिक माहितीसाठी खालील संकेतस्थळाला भेट द्यावी.' शाळेच्या सूचनाफलकावरचं हे वाक्य आता इतकं अंगवळणी पडलं आहे की, त्याने कुणाची भुवईही हलत नाही. संस्कृत काव्यात मुरलेला जुना शास्त्री मात्र ते वाचून दचकला असता, आणि तेही शाळेच्या भिंतीवर! त्याच्या लेखी संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी गुपचूप भेटायची ठरवलेली जागा. काव्यातली अभिसारिका काळोखातून निघते ती तिकडेच. वेबसाईटला मराठी शब्द शोधताना हा शब्द पुढे आला आणि वर्तमानपत्रांनी तो रुजवला. पाहता पाहता अभिसारिकेची जागा मुख्याध्यापकांनी घेतली.

तरी शब्द वाटतो तितका वाया गेलेला नाही. न्यायदर्शनात आणि व्याकरणात 'या शब्दाने ही वस्तू समजावी' या ठरावाला संकेत म्हणतात. 'गाय' या दोन अक्षरांना शिंगं नाहीत आणि ती दूधही देत नाहीत. ऐकणाऱ्याला गाय कळते ती ठरावामुळे. इंटरनेटवरचे पत्ते नेमके याच तत्त्वावर चालतात. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, पण माणसाच्या डोक्यात आकडे टिकत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था आखली. अमुक नावाने अमुक आकडा समजावा, हा शुद्ध संकेतच. मात्र त्याने नाव आणि जागा एवढंच जुळतं. जागेवर बसलंय कोण, याची हमी मिळत नाही. 'डॉट गव्ह डॉट इन'सारखी शासनासाठी राखून ठेवलेली नावं सोडली, तर बहुतेक नावं पैसे मोजून कुणालाही घेता येतात. मुलांना हे एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळेल.

संकेतस्थळात शिरल्यावर लागतं ते पान. हा शब्द सावंतवाडीकराला शिकवायला नको. संस्कृत पर्ण, प्राकृत पण्ण, मराठी पान. झाडाचं पान, विड्याचं पान, जेवायला मांडलेलं पान, पोथीचं पान आणि पत्त्याचं पान. इथल्या राजवाड्यात आजही रंगवल्या जाणाऱ्या गंजिफांची पानं गोल असतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, अशी बारा पानं, एकूण १२०. गंमत अशी की, अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ आणि अर्ध्या रंगांत एक्का. नुसते ठिपके मोजून भागत नाही, पान कोणत्या अवताराचं हे आधी पाहावं लागतं. इथून जवळच, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला, ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. एकेक सुटं चित्र पुढे धरत कथा सांगायची आणि त्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणायचं, ही तिथली रीत. वर्गात स्लाईड दाखवणाऱ्या शिक्षकांना हा धंदा नवा वाटायचं कारण नाही.

कार्यालयीन मराठीला मात्र पान पुरत नाही, तिला 'पृष्ठ' लागतं. पृष्ठ म्हणजे पाठ, आपल्या अंगाची पाठ. तोच शब्द झिजून मराठीत 'ती पाठ' झाला. धडा या अर्थाचा 'तो पाठ' वेगळ्या घरचा; तो पठ् धातूचा, म्हणजे वाचण्या-म्हणण्याचा. होमपेजला आपण मुखपृष्ठ म्हणतो, तेव्हा तोंड आणि पाठ एकाच शब्दात बांधतो. छापील पुस्तकाला ही दोन्ही अंगं खरोखर असतात. पुढच्या बाजूला नाव आणि चित्र; शीर्षकाच्या पानाच्या पाठीवर प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, मुद्रक. ग्रंथपाल पुस्तक हातात घेतो तेव्हा पान उलटून ही मागची बाजूच आधी बघतो. पडद्यावरचं पान उलटता येत नाही, ते नुसतं खाली सरकतं. त्यामुळे त्याला पाठ असते हेच मुलं विसरतात.

हे झालं फलकावरचं मराठी. मुलांच्या तोंडात यातलं काहीच नसतं. 'सरांनू, लिंक उघडना नाय', 'बाईनू, रेंज येना नाय' हे त्यांचं मराठी, आणि त्यात चुकीचं काही नाही. परक्या शब्दाला घरात घेताना मराठी त्याचा अर्थ नंतर बघते, आधी लिंग ठरवते. लिंक, रेंज, फाईल, पीडीएफ, साईट या 'त्या'. पासवर्ड, व्हिडिओ, ओटीपी, मोबाईल हे 'ते'. ॲप, अकाउंट, नेट ही 'ती'. कुठल्या समितीने बैठक घेऊन हे ठरवलं नाही, तरी रत्नागिरीपासून बांद्यापर्यंत पीडीएफ 'आली'च. सगळ्यांत मजा 'पेज'ची. कोकणात पेज म्हणजे सकाळची, उकड्या तांदळाची. संस्कृत पेया, प्राकृत पेज्जा, तीच ही. 'पा' म्हणजे पिणे या धातूची नात. संगणकातलं 'पेज' आलं तेव्हा घरात ही जुनी पेज बसलेलीच होती. तरी घोटाळा झाला नाही, कारण व्याकरणाने दोघांना दोन पाट दिले. पेज निवते, पेज उघडतं. ताटातली स्त्रीलिंगी, पडद्यावरचं नपुंसकलिंगी.

पासवर्डला 'परवलीचा शब्द' असा तोलामोलाचा मराठी शब्द आहे. परवल म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगायची गुप्त खूण. ती सांगता आली नाही तर छावणीत प्रवेश नाही. पण अग्रलेखांनी या शब्दाचं काय केलं बघा. 'विकास हा आजचा परवलीचा शब्द आहे', 'नवोपक्रम हा शिक्षणातला परवलीचा शब्द झाला आहे'. जो कुणाला कळता कामा नये तो शब्द, याचा अर्थ जो सगळ्यांच्या तोंडी आहे तो शब्द असा झाला. अर्थाने इतकी उलटी उडी मारलेले शब्द मराठीत थोडे. आणि व्यवहारही भाषेमागोमाग गेला आहे. शाळेच्या कितीतरी संगणकांच्या पडद्याला परवलीचा शब्द कागदावर लिहून चिकटवलेला असतो, म्हणजे अग्रलेखातल्या अर्थाने तो अगदी बरोबर आहे. शिक्षकांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या मंचाचं नाव 'दीक्षा'. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलला दाखवला की त्यावरचा धडा उघडतो. दीक्षा घेताना गुरू मंत्र कानात सांगतो आणि शिष्याने तो दुसऱ्याला सांगायचा नसतो. मंचाच्या नावातच पासवर्डचा नियम आलेला आहे, फक्त तो पाळायचा.

आता राहिलं 'स्थळ'. संकेतस्थळ हा शब्द बनवणाऱ्याच्या डोक्यात नसेल, पण मराठी घरात स्थळ म्हणजे आधी लग्नाचं. स्थळ बघायची आपली रीत पक्की आहे. मुलाकडचे स्वतःविषयी काय सांगतात ते ऐकून घ्यायचं, चहा प्यायचा, आणि खरी चौकशी करायची ती शेजारी, गावात, नोकरीच्या ठिकाणी. दिवाणखाना बघून कुणी मुलगी देत नाही. संकेतस्थळाची पारख याच रीतीने होते, हे अमेरिकेत प्रयोगाने दिसून आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. नावं जवळजवळ सारखी. एक जुनी आणि मोठी, दुसरी तिच्यातून फुटलेली छोटीशी. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या त्या स्थळावरच रेंगाळले; बोधचिन्ह, भाषा, मांडणी बघून अनेक जण फसले. तपासनीस मात्र क्षणभर बघून बाहेर पडले आणि दुसऱ्या खिडक्या उघडून, या संघटनेविषयी बाकीचे काय म्हणतात ते शोधू लागले. कमी वाचून त्यांना जास्त कळलं.

डिजिटल साक्षरतेच्या प्रशिक्षणात बटणं कुठली दाबायची हे भरपूर शिकवतात. ही चौकशी शिकवायची राहते. 'साक्षरा' उलटं वाचलं की 'राक्षसा' होतं, ही पंडितांची जुनी कोटी. खोटी बातमी पुढे ढकलणारे बहुतेक जण उत्तम साक्षर असतात, हे पाहिलं की ती कोटी उरत नाही, निदान ठरतं. आणि अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते. जालावरचं अक्षर मात्र सारखं झिजतं. आज दिलेला दुवा उद्या उघडत नाही. बदललेलं किंवा पुसलेलं पान जुन्या रूपात बघायचं तर इंटरनेट आर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुलं आहे. गृहपाठाला दुवे जोडणाऱ्या मुलांना ते माहीत असलंच पाहिजे.

आपल्याकडे वाडीत अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. विचारतात, 'कोणाचो रे तू?' नाव काय, कुठलंही सांगता येतं. पान पडद्यावर आलं की पहिला प्रश्न हाच टाकावा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' असे दुवे असतात. कुठलं वाक्य कुणी, कधी घातलं आणि कुणी खोडलं, ते तिथे ओळीने दिसतं. पानाची पाठ ती हीच. संगणकाच्या तासाला मुलांना आपापल्या गावाचं पान उघडायला लावावं, पाठ तपासायला लावावी, आणि देवळाचं किंवा नदीचं नाव चुकलेलं दिसलं तर पुरावा जोडून दुरुस्त करायला लावावं. गावातल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय तो पुरावा मिळायचा नाही, त्यामुळे चौकशीचा पाठही आपोआप होईल.